महाबळेश्वर-पाचगणीची सहल : पाण्याच्या मागोमाग एका दिवसाचा पाठ



दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांत सहलीचं वारं सुरू होतं. आमच्या सातारा जिल्ह्यात तर पहिलं नाव ठरलेलं, महाबळेश्वर-पाचगणी. आमची शाळा माण तालुक्यातली. म्हणजे जिल्हा एकच, पण महाबळेश्वर ढगात आणि आम्ही टँकरच्या रांगेत.

काही वर्षांपूर्वी चौथीच्या मुलांना घेऊन मी पहिल्यांदा तिथे गेले. आठ-नऊ पॉइंट पाहिले, बोटीत बसलो, स्ट्रॉबेरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी 'माझी सहल' हा निबंध दिला. सगळ्या वह्यांत जवळपास तेच : "आम्ही घोडे पाहिले, आम्ही क्रीम खाल्ले, खूप मजा आली." त्यात चूक काहीच नाही. मजा यायलाच हवी. पण आर्थर सीटवर एका मुलानं मला विचारलेला प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. तिथल्या गाइडनं पावसाचा आकडा सांगितला तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, एवढा पाऊस हितं पडतो, तर त्यातला थोडा आपल्याकडं का येत न्हाय?"

मी पटकन म्हणाले, "आपला भाग पर्जन्यछायेत येतो." त्यानं मान डोलावली. मुलं शब्द कळला नाही की अशीच मान डोलावतात, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मी त्याला शब्द दिला होता, उत्तर दिलंच नव्हतं. ज्या पोराच्या घरी उन्हाळ्यात आईची अर्धी सकाळ पाण्यापायी जाते, त्याच्यासाठी तो परीक्षेचा प्रश्न नव्हता.

पुढच्या वर्षी मी सहलीचा क्रम बदलला. ठिकाणं तीच ठेवली, फक्त निम्मी केली आणि प्रत्येक ठिकाणी तीनच प्रश्न विचारायचे ठरवले : इथे पाणी किती पडतं? ते कुठे थांबतं? आणि कुठे जातं? तोच पाठ आज तुमच्यासमोर मांडते. तुमची शाळा कोकणात असो, पुण्यात असो की विदर्भात, गावाचा आकडा बदला, पाठ तसाच चालेल.

सहलीच्या आदल्या दिवशी : दोरीची कृती

साहित्य : सहा मीटर सुतळी, खडू, मोजपट्टी.

महाबळेश्वरला वर्षाला साधारण साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून जेमतेम २० किलोमीटरवर असलेल्या पाचगणीत साधारण दोन हजारांच्या आतबाहेर. खाली वाईत सातशे-आठशे. आणि आमच्या माणात चारशे ते पाचशे.

हे आकडे फळ्यावर लिहून मुलांना काही कळत नाही. म्हणून सहा मीटर सुतळी पटांगणात आडवी पसरायची. हा महाबळेश्वरचा वर्षाचा पाऊस. म्हणजे एकही थेंब वाहून गेला नाही, मुरला नाही, तर तिथे एवढं उंच पाणी साठेल. मग दोन मीटरवर खूण करा, पाचगणी. पाऊण मीटरवर वाई. अर्ध्या मीटरवर आपलं गाव. आता हीच सुतळी भिंतीला लावून उभी धरा. आपल्या गावाची खूण मुलांच्या मांडीपर्यंत येते. पाचगणीची खूण मॅडमच्या डोक्यावरून जाते. आणि महाबळेश्वरचं टोक शाळेच्या कौलांच्याही वर! पोरं आपोआप गप्प होतात. ही शांतता सहलीची खरी सुरुवात.

नकाशावर या चार ठिकाणांना ठिपके द्या. एका बाजूला अरबी समुद्र दाखवा. पावसाळ्यात वारा कुठून येतो, एवढंच विचारा. उत्तर तिथे गेल्यावर शोधायचं.

थांबा पहिला : पसरणी घाट

वाई सोडली की पसरणी घाट सुरू होतो. वाई समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटर उंचीवर, तर पाचगणी सुमारे १,३०० मीटरवर. म्हणजे दहा-बारा किलोमीटरच्या वळणावळणाच्या रस्त्यात आपण जवळजवळ ६०० मीटर वर चढतो. हवेचं तापमान दर हजार मीटरला साधारण सहा अंशांनी उतरतं. खिडकीतून हात बाहेर काढू देऊ नका, पण काच थोडी खाली करून मुलांना विचारा, "हवेत काय फरक वाटतो?" घाट संपेपर्यंत निम्म्या वर्गानं स्वेटर मागितलेला असतो. वर गेलं की हवा थंड होते, हे वाक्य त्यांनी आता अंगानं शिकलेलं असतं. ते जपून ठेवा, दुपारी लागणार आहे.

(व्यवहारातली गोष्ट : घाटात ज्यांना मळमळतं त्यांना पुढच्या सीटवर बसवा. घाटाआधी पोटभर वडापाव खाऊ देऊ नका. पिशव्या हाताशी ठेवा.)

थांबा दुसरा : टेबललँड

पाचगणी म्हणजे पाच गावांच्या मधली जागा. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट ही ती पाच गावं. इंग्रजांच्या काळात, १८६० च्या दशकात, जॉन चेसन यांच्या देखरेखीखाली हे हवापालटाचं ठिकाण म्हणून वसवलं गेलं. महाबळेश्वरला पावसाळ्यात राहणं अशक्य, पण इथे वर्षभर राहता येतं, हे पाचगणी निवडण्यामागचं मोठं कारण. बघा, गावाच्या जन्मातच पाऊस आहे. पुढे इथे निवासी शाळा वाढल्या त्याही याच हवेमुळे.

गावाच्या डोक्यावर टेबललँडचं सपाट पठार आहे. गाइड लगेच "आशियातलं दुसऱ्या नंबरचं" असं सांगायला लागतात. मी मुलांना म्हणते, नंबर राहू दे, आधी खाली वाका आणि दगड बघा. हा जांभा. लाल, खडबडीत, भोकाभोकांचा. आपल्याकडचा दगड काळा, घट्ट. खरं तर दोन्ही एकाच घराण्यातले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर साचून आपला काळा पाषाण तयार झाला. त्यावर लाखो वर्षं ऊन-पाऊस झाला, त्यातली बरीच द्रव्यं धुऊन गेली आणि लोखंडाचा अंश मागे राहिला. लोखंड गंजलं की लाल होतं, हे मुलांना घरच्या गंजक्या घमेल्यावरून माहीत असतंच.

इथे एक छोटी कृती. बाटलीच्या टोपणभर पाणी जांभ्याच्या भोकांत ओता. बघता बघता आत जातं. शाळेत परतल्यावर तेच टोपणभर पाणी काळ्या दगडावर ओता. ते ओघळून खाली जाईल. मुलांनी वहीत एवढंच लिहायचं : "लाल दगड पाणी पितो. काळा दगड पाणी सोडून देतो." पुढच्या थांब्यांची किल्ली या दोन ओळींत आहे.

घोड्यावर बसायचं का, हा प्रश्न येणारच. त्याबद्दल शेवटी बोलते. पठाराच्या कडेला मात्र एकाही मुलाला शिक्षकाशिवाय जाऊ देऊ नका.

थांबा तिसरा : पारसी पॉइंट किंवा सिडनी पॉइंट

दोन्हींपैकी एकच पुरे. दोन्हीकडून कृष्णेचं खोरं आणि धोम धरणाचं पाणी दिसतं. इथे दुसरा प्रश्न : पाणी कुठे थांबतं? खाली निळं पाणी, त्याच्या पुढे वाईच्या बाजूची हिरवी शेतं, आणि डोंगराच्या उतारावर वाळलेलं गवत. एकाच नजरेत हे तिन्ही रंग दिसतात. मुलांना चित्र काढायला दहा मिनिटं द्या. फोटो काढायला मनाई नाही, पण आधी चित्र, मग फोटो. चित्र काढताना डोळे थांबतात. फोटो काढताना फक्त बोट हलतं.

थांबा चौथा : भिलारचा रस्ता

पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मधलं भिलार हे 'पुस्तकांचं गाव'. ४ मे २०१७ रोजी राज्य शासनाच्या पुढाकारानं ते सुरू झालं. लोकांच्या घरांत पुस्तकं ठेवलेली आहेत, कुणीही जाऊन बसून वाचावीत. अर्धा तास इथे द्याच. आमची पोरं दुसऱ्याच्या घरात चपला काढून, पाय मुडपून, पुस्तक घेऊन बसली, तेव्हा मला ओरडावं लागलं नाही, असा सहलीतला तो एकमेव अर्धा तास होता.

पण पाठासाठी रस्त्याकडेची शेतं महत्त्वाची. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. रोपं पावसाळा संपता संपता लावतात आणि फळ थंडीत येतं. वाफ्यांवर मल्चिंगचा कागद आणि त्याखालून ठिबकच्या नळ्या. मुलांना विचारा, "जिथे कौलांच्या वर जाईल एवढा पाऊस पडतो, तिथल्या शेतकऱ्याला ठिबक कशाला लागतं?" इथे पोरं अडखळतात. अडखळू द्या. उत्तर हे की बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो आणि उतारावरून निघून जातो. थंडी-उन्हाळ्यात इथेही पाणी मोजूनच वापरावं लागतं. या डोंगरातल्या काही वाड्यांवर उन्हाळ्यात टंचाई असते, हे ऐकून आमची मुलं चकित झाली. "म्हंजी ह्यांच्याकडं पण?" असं एक मुलगी म्हणाली. दुष्काळ म्हणजे फक्त कमी पाऊस नव्हे, हे तिला त्या क्षणी समजलं असावं.

थांबा पाचवा : वेण्णा लेक

महाबळेश्वरच्या तोंडाशी असलेला हा तलाव नैसर्गिक नाही. सातारचे छत्रपती शहाजी उर्फ अप्पासाहेब महाराज यांनी १८४२ साली तो बांधून घेतला. आज लोक बोटिंगसाठी येतात, पण त्या काळी एवढ्या पावसाच्या गावालाही तलाव बांधून पाणी अडवावं लागलं, हे मुलांना सांगा. आपल्या गावचा बंधारा, पाझर तलाव, डोंगरावरचे समतल चर हे सगळं याच कुळातलं. आमच्या मुलांनी सुट्टीत घरच्यांबरोबर चर खोदलेले आहेत. "म्हणजे राजानं पण बंधाराच बांधला," हे वाक्य त्यांच्याकडून आलं, माझ्याकडून नाही.

थांबा सहावा : क्षेत्र महाबळेश्वर

बाजारपेठेपासून सुमारे सहा किलोमीटरवर जुनं महाबळेश्वर. इथल्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानतात. गोमुखातून येणारं थंडगार पाणी मुलं ओंजळीत घेतात. देवळात चपला, रांग, शांतता हे सगळं पाळायचं. श्रद्धेची चेष्टा नको आणि विज्ञान सांगायचं टाळायलाही नको. सकाळचं वाक्य आठवायला सांगा : "लाल दगड पाणी पितो, काळा दगड सोडून देतो." वरच्या जांभ्यात मुरलेलं पाणी खालच्या घट्ट थरापर्यंत पोहोचलं की पुढे जायला वाट नसते. मग ते आडवं सरकतं आणि डोंगराच्या कुशीतून झरा होऊन बाहेर पडतं. पावसाळा संपल्यावरही झरा वाहतो तो या साठवणीवर.

आता तिसरा प्रश्न : पाणी कुठे जातं? नकाशा जमिनीवर अंथरा आणि बोटानं नद्या काढायला सांगा.

वेण्णा : कण्हेर धरणातून साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णेला मिळते.

कोयना : दक्षिणेला जाते, शिवसागर जलाशयात थांबते आणि कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला भेटते.

कृष्णा : अरबी समुद्र इथून अवघा ६४ किलोमीटर. पण ती त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला निघते आणि महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा, आंध्र प्रदेश असा सुमारे १,४०० किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते.

सावित्री : पश्चिमेला कोकणात उडी घेते आणि पोलादपूर, महाड करत बाणकोटजवळ अरबी समुद्राला मिळते.

एकाच डोंगरावर जन्मलेल्या बहिणी, एक पूर्वेच्या समुद्राला जाते आणि एक पश्चिमेच्या. असं का, हे पुढच्या थांब्यावर डोळ्यांनी दिसतं.

थांबा सातवा : आर्थर सीट

हा शेवटचा ठेवा. इथे सह्याद्रीची धार तुटते. समोर सरळ खाली सावित्रीचं खोरं आणि कोकण, पाठीमागे देश. मुलांना कठड्याच्या आत, रांगेत, हात धरून उभं करा. एका वेळी दहाच मुलं.

इथे खालून वर वारा येतो. लोक प्लॅस्टिकची झाकणं खाली टाकतात आणि ती उडून वर येतात, म्हणून हसतात. आपण झाकण टाकायचं नाही, वाळलेलं पान सोडायचं. पान खाली न जाता वर येतं. आता विचारा, "पान वर कुणी आणलं?" वाऱ्यानं. "पावसाळ्यात हाच वारा समुद्रावरून काय घेऊन येत असेल?" बाष्प. "डोंगर आडवा आला की वारा कुठे जातो?" वर. "आणि सकाळी घाटात वर गेल्यावर काय झालं होतं?" थंड वाजलं! "थंड झालं की बाष्पाचं काय होतं?" चहाच्या झाकणावरचं पाणी प्रत्येकानं पाहिलेलं असतं.

म्हणून ढग इथेच रिकामे होतात. पुढे पाचगणीपर्यंत जाईतो पाऊस एक तृतीयांश उरतो. डोंगर उतरून वाईकडे वारा खाली येताना पुन्हा गरम होतो, आणि गरम हवा बाष्प सहज सोडत नाही. आमच्या माणापर्यंत पोहोचतं ते उरलंसुरलं. याला पर्जन्यछाया म्हणतात. शब्द शेवटी सांगायचा. आधी पान, मग वारा, मग शब्द. मी पहिल्या वर्षी उलटं केलं होतं.

मग त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर काय?

दोन भागांत. एक, ढग आपल्याकडे येत नाही कारण डोंगर त्याला आधीच रिकामा करतो. यात आपला गुन्हा नाही, कुणाचा शाप नाही. दोन, ढग येत नसला तरी पाणी येऊ शकतं. जिहे-कठापूर योजनेतून कृष्णेचं पाणी उचलून खटाव-माणकडे आणलं जातं. म्हणजे गोमुखाखाली ओंजळीत घेतलेल्या नदीचंच पाणी! ते पाईपनं यायला माणसांना बरीच वर्षं मागणी करावी लागली, हेही सांगा. आणि आपल्या शिवारात पडणारा अर्धा मीटर पाऊस अडवणं आपल्या हातात आहे. आपली माणगंगा पुढे भीमेला मिळते आणि भीमा रायचूरजवळ कृष्णेला. म्हणजे आपण न अडवलेला थेंबही शेवटी तिथेच जातो.

हे नकाशावर दाखवल्यावर एका मुलानं माणगंगेवरून बोट फिरवत कृष्णेपर्यंत नेलं आणि म्हणाला, "आपण लांबून भेटतो." मी वेगळं काही सांगितलं नाही.

प्रतापगड आणि बाकीचे पॉइंट

एका दिवसात वरचे सात थांबेच कसेबसे होतात. मुक्काम असेल तर दुसऱ्या दिवशी प्रतापगड करा. महाबळेश्वरहून तो सुमारे २४ किलोमीटर. चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास आहेच. १६५६ साली गड बांधून झाला आणि १० नोव्हेंबर १६५९ ला पायथ्याशी अफजलखानाची भेट झाली. गडावरची तळी दाखवायला विसरू नका. पाण्याशिवाय गड लढत नाही. विल्सन पॉइंट (सुमारे १,४३९ मीटर, इथला सर्वात उंच) सूर्योदयासाठी आणि मुंबई पॉइंट सूर्यास्तासाठी. लिंगमळा धबधबा डिसेंबरच्या पुढे बारीक होत जातो, तेव्हा मोठ्या आशेनं नेऊ नका. पावसाळ्यात सहल काढूच नका, धुक्यात काही दिसत नाही.

पैशांबद्दल थोडं

पहिल्या वर्षी एका मुलाच्या खिशात पाचशे रुपये होते आणि एकाच्या वीस. घोडा, क्रीम, टोपी, सगळीकडे वीसवाला मागे उभा राहिला. "मला नको हाय" असं तो तीनदा म्हणाला. ती माझी चूक होती. आता आम्ही कुणालाच पैसे आणू देत नाही. वर्गणीतच प्रत्येकाला एक वाटी स्ट्रॉबेरी धरतो. घोडा नाही तर कुणालाच नाही. पालकांनो, तुम्हाला लेकराच्या हौसेचं वाटतं हे कळतं, पण गुपचूप नोट देऊ नका. एस.टी. शैक्षणिक सहलीला सवलतीत गाडी देते, तिचा उपयोग करा. पैशापायी कुणी मागे राहत असेल तर ते वर्गासमोर नको, शिक्षकांच्या कानावर घाला.

आणखी एक. २००१ पासून महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर आहे. त्यामुळे आपला कचरा आपल्याच गाडीतून परत. त्या डोंगरावरचं पाणी आपल्यापर्यंत येतं, हे शिकलेली मुलं तिथे पिशवी टाकत नाहीत, हा माझा अनुभव.

परत आल्यावर

निबंधाचं नाव 'माझी सहल' देऊ नका. 'एका थेंबाचा प्रवास' द्या. थेंब आर्थर सीटवर पडला. तो कोकणात गेला की देशावर? वाटेत कुठे थांबला? कुणाच्या कामी आला? अभ्यासात मागे असलेली मुलंही यावर पानभर लिहितात, कारण त्यांनी ते पाहिलेलं असतं.

पालकांनी घरी "काय काय पाहिलं?" असं विचारू नये, यादी मिळते. "पाणी कुठं जात होतं?" असं विचारा आणि मूल सांगेल तेव्हा थोडा वेळ मोबाइल बाजूला ठेवा.

यंदा सहल ठरली असेल तर एवढं नक्की करा : पॉइंट कमी करा, सुतळी बरोबर घ्या आणि आर्थर सीटवर पान सोडायला विसरू नका.